इटारसी टाळून बर्फाकडे

रांझी, जबलपूर
९ ऑक्टोबर १९९५

श्री. दिवाकरराव गजभिये,
चौकशी खिडकी, इटारसी जंक्शन.

जयभीम.

हे पत्र मी सत्यभामेचा भाऊ म्हणून लिहीत नाही. रांझी प्रभात भ्रमण मंडळाचा प्रवास नियोजक म्हणून लिहितो आहे, एवढे आरंभीच स्पष्ट करतो. आपण माझ्या बहिणीचे यजमान, म्हणून आमच्या घरचे जावई आहात आणि बारा वर्षे आपले बोलणे नाही, या दोन्ही गोष्टींचा या पत्राशी संबंध लावू नये.

आमचे मंडळ म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले अकरा जण. सकाळी साडेपाचला तलावापर्यंत चालत जातो आणि रिक्षाने परत येतो. दरवर्षी कधी सांची, कधी बोधगया अशी सहल असते. यंदा अध्यक्षांनी टीव्हीवर औली नावाचे गाव पाहिले. हिमालयात जोशीमठच्या वर आहे. तिथे माणसे पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरतात. अध्यक्ष म्हणाल्या, "सारी जिंदगी भट्टीजवळ काढली, आता एकदा थंडी पाहू." अध्यक्ष माझी बायको कुंदा असल्यामुळे ठरावावर चर्चा झाली नाही.

मार्ग आखायचे काम माझ्याकडे आले. चौतीस वर्षे मी कारखान्याच्या प्लॅनिंग सेक्शनात रूट कार्डे लिहिली. आपल्याला माहीत नसेल म्हणून सांगतो. प्रत्येक सुट्या भागाबरोबर एक पिवळे कार्ड फिरते. भाग कोणत्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, तासायचा, कोणत्या शॉपमध्ये तापवायचा, कुठे तपासायचा, हे सगळे त्यावर ओळीने असते. एका ठिकाणची सही झाल्याशिवाय पुढच्या ठिकाणचा माणूस मालाला हात लावत नाही. सहलीचेही मी असेच कार्ड काढणार आहे.

अडचण अशी. जबलपूरहून मोठ्या लाइनला दोनच तोंडे आहेत, एक कटनी आणि दुसरे इटारसी. कटनी चालणार नाही. आमचे सभासद श्यामसुंदर रामटेके यांनी आपल्या मुलाचे तिथले साक्षगंध मोडले, आणि मुलीच्या वडिलांचा चहाचा ठेला नेमका फलाट क्रमांक दोनवर आहे. इटारसी प्रशासकीय कारणास्तव चालणार नाही. बसने निघावे तर पद्मजाताईंना बस लागते. घाटात लागत नाही, फक्त सपाटीवर लागते.

सबब इटारसी टाळून औलीला कसे जावे, हे कळवावे. हा प्रश्न इटारसीलाच विचारावा लागतो याची मला जाणीव आहे. पण टाइमटेबल तोंडपाठ असलेला दुसरा माणूस मंडळाच्या ओळखीत नाही.

आपला,
मोतीराम वासनिक


इटारसी
२१ ऑक्टोबर १९९५

श्री. मोतीरामजी वासनिक यांस,

जयभीम. पत्र पोचले.

चौकशी खिडकीचा एक नियम आहे. प्रवाशाने विचारले तेवढेच सांगायचे. तो त्या गावी का जातो आणि या गावी का जात नाही, हे विचारायचे नाही. काल एकाने मला विचारले की कालची गाडी किती वाजता येते. मी तेही सांगितले. त्या मानाने आपला प्रश्न सोपा आहे.

आपल्या दोन्ही अटी पाळून मार्ग असा होतो. जबलपूरहून छोट्या लाइनने नैनपूर, बालाघाटवरून गोंदिया. गोंदियाहून मोठ्या लाइनने नागपूर आणि नागपूरहून पश्चिमेला भुसावळ. तिथे गाडी बदलून तापीच्या काठाकाठाने सुरत. सुरतेहून बडोदा, रतलाम, कोटा करीत दिल्ली. दिल्लीहून हरिद्वार, तिथून बसने जोशीमठ, आणि जोशीमठहून तारेवरच्या पाळण्यात बसून औली. सर्व गाड्या वेळेवर धावल्या तर सहा दिवस लागतील. माझ्या नोकरीत सर्व गाड्या एकाच वेळी वेळेवर धावल्याचे मला आठवत नाही.

उत्तरेला बर्फ पाहायला निघालेली मंडळी आधी दक्षिणेला जातील आणि मग समुद्राच्या वासापर्यंत जाऊन येतील, एवढे मात्र अध्यक्षांना सांगून ठेवावे. या खिडकीवर सव्वीस वर्षांत असा मार्ग कोणी विचारला नव्हता. मला काढायला दोन दिवस लागले आणि खरे सांगायचे तर मजा आली.

आपला,
दिवाकर गजभिये

(समासात, उभ्या ओळीत, जांभळ्या शाईने)
दादा, जबलपूरहून इटारसी साडेचार तास आहे. माझे गुडघे दुखतात म्हणून मीच येऊ शकत नाही. तू कसा आहेस? – सत्यभामा


रांझी, जबलपूर
५ नोव्हेंबर १९९५

श्री. दिवाकरराव यांस,

जयभीम. मार्ग उत्तम आहे. मंडळाच्या सभेत वाचून दाखवला. सुरतेचे नाव आल्यावर कोणी हसले. मी हसणाऱ्याचे नाव टिपून ठेवले आहे. रूट कार्ड तयार झाले असून त्यावर चौदा टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर तिथल्या जबाबदार व्यक्तीची सही घ्यायची.

आपल्या पत्राच्या समासातला मजकूर शाई फुटल्यामुळे वाचता आला नाही. गुडघ्यांना रोज तिळाचे तेल कोमट करून लावावे आणि खाली बसून भाकरी थापू नये, ओट्यावर थापावी.

सराव जोरात आहे. भेडाघाटच्या वाटेवर एका गिरणीच्या मागे संगजिऱ्याच्या भुकटीचा दोन मजली ढीग आहे. पांढराशुभ्र. हुबेहूब बर्फ, फक्त गरम. गिरणीच्या चौकीदाराला मंडळाचे लेटरहेड दाखवले तेव्हा त्याने सलाम केला. जुन्या खोक्यांच्या फळ्या सायकलच्या ट्यूबने पायाला बांधतो. मी घसरण्याचेही कार्ड काढले होते. आधी उजवा गुडघा वाकवणे, मग डावा, मग पुढे झुकणे, मग तपासणी. तपासणीचा टप्पा येईपर्यंत सगळे खाली पोचलेले असतात. पहिल्या दिवशी श्यामसुंदर डोक्याने आले आणि दोन दिवस शिंकत होते. नाकातून पांढरे निघाले म्हणून डॉक्टरने त्यांना नोकरी विचारली.

सगळ्यात चांगली घसरते ती कुंदा. पदर खोचला, "चलो, हटा सब" म्हणाली आणि सरळ खाली गेली. खालून ओरडली, "तुम्ही काहून उभे हो? या ना!" मी अजून वरच उभा असतो. कार्डाच्या क्रमाने जाण्यावर माझा विश्वास आहे.

आपला,
मोतीराम वासनिक


इटारसी
२६ नोव्हेंबर १९९५

मोतीरामजी,

जयभीम. शाई फुटलेला मजकूर आपण वाचल्याबद्दल आभार. तेल सुरू केले आहे.

आता एक गोष्ट लिहितो. खिडकीच्या नियमात बसत नाही, पण हे पत्र घरून लिहितो आहे.

चार डिसेंबर त्र्याऐंशी. तुम्ही सहा तारखेसाठी दादरला निघाला होता. कार्ड तुम्हीच टाकले होते, तुमच्याच अक्षरात: "इंजिनापासून सातवी बोगी, पुढचे दार, गाडी दहा मिनिटे थांबते, भेटावे." आपल्यात रीतच आहे ती. गाडी गावावरून जाणार तर गावातल्या माणसाला कळवायचे, आणि त्याने डबा घेऊन फलाटावर यायचे. कळवले नाही तर जन्माचा राग. तुम्ही कळवले. सत्यभामेने आदल्या दिवसापासून पुरणाच्या साठ पोळ्या केल्या. तुमच्या आईच्याच पितळी डब्यात भरल्या.

गाडीला मुंगी शिरायला जागा नव्हती, हे मला मान्य आहे. तुमच्या बोगीने दार न उघडण्याचे ठरवले होते, हेही नंतर कळले. दार थोडे उघडे होते आणि दारावर तुम्ही होता. मी खालून हात वर करून डबा दिला, "दादा, दादा" म्हणून हाक मारली. तुम्ही डबा ढकलला आणि दार लावून घेतले. डबा फलाट आणि पायरीच्या मधून चाकाखाली गेला.

"मी ओळखले नाही," असे तुम्ही नंतर लोकांना सांगितल्याचे ऐकले. ते खरे असेल. गर्दीत सगळेच दादा म्हणतात. पण ते तुम्ही मला कधी सांगितले नाही, हिला तर नाहीच. आला असता आणि एक वेळ शिव्या दिल्या असत्या तरी चालले असते.

दिवाकर

(समासात)
दादा, हे लिहू नको म्हणतात तरी लिहिते. त्या दिवशी फलाटावर मीही होते. यांच्या मागेच उभी होते, पाण्याच्या नळापाशी. तुला पाहायला आले होते. – सत्यभामा


रांझी, जबलपूर
८ डिसेंबर १९९५

श्री. दिवाकरराव गजभिये,

आपल्या पत्रातल्या मुद्द्यांचा खुलासा येणेप्रमाणे.

दार बंद ठेवण्याचा निर्णय बोगीचा होता. दारावर उभे राहण्याची ड्यूटी मला दिली होती, मी मागितली नव्हती. जबलपूर सुटल्यावर पुढे कोणालाही चढू द्यायचे नाही, असे ठरले होते. इटारसीला नियम सोडावा असे कोणी सांगितले नव्हते.

खालून फलाटावरचे शंभर हात वर आले होते. त्यातला कोणता जावयाचा आणि कोणता परक्याचा, हे कसे ओळखावे? हाताला नाव नसते.

ती फलाटावर असल्याचे मला आजपर्यंत कोणी सांगितले नव्हते. हे आधी सांगायला हवे होते. तिने यायलाच नको होते. गर्दीत बायकामाणसांनी कशाला यावे?

त्यानंतर मी त्या लाइनने गेलेलो नाही. परवा सहा डिसेंबरलाही रांझीच्या विहारातच गेलो. बाराव्यांदा.

इथून पुढे फक्त गाड्यांच्या वेळांविषयी लिहावे.

मोतीराम वासनिक


रांझी
११ जानेवारी १९९६

सत्यभामाबाई,

जयभीम. दिवाळीला लिहिते तेवढेच, पण आता मधेच लिहावे लागते आहे. आपण एकमेकींना लिहितो हे यांना माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण माहीत नसल्यासारखे करतात. दिवाळीत तुझे पत्र आले की दोन दिवस माझ्या उशीखाली हात घालून चष्मा शोधत असतात. चष्मा डोळ्यावरच असतो.

दिवाकररावांनी सरळ गाड्यांच्या वेळा लिहून पाठवल्या त्याबद्दल आभार. आम्ही दहा जण चार फेब्रुवारीच्या रात्री निघून सरळ इटारसीवरून जातो. पाच तारखेला सकाळी तुमच्या फलाटावर असू. सुरतेला जायला कोणी तयार नाही. पद्मजाताई तर म्हणाल्या, "मोतीरामभाऊले सांगा, बर्फ वितळून जाईन तोपर्यंत."

मी यांना समजावले. भांडले. म्हटले, "बहिणीचं गाव रस्त्यात हाय तं रस्ताच काहून बदलून राहिले?" तर म्हणतात, "कार्ड एकदा निघालं की बदलत नाही." मी म्हटले, "कार्ड तुम्हीच काढलं." तर म्हणाले, "म्हणूनच." आता ते एकटे एकोणतीस तारखेला छोट्या लाइनने निघतात. हरिद्वारला आम्हाला भेटणार. एक बॅग, एक फळ्यांची जोडी आणि ते पिवळे कार्ड.

बाई, एक सांगते. तुझ्या समासातल्या ओळीनंतर ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ढिगावर गेले आणि पहिल्यांदा घसरले. खाली गेल्यावर उठले नाहीत. मला वाटले काही मोडले. जवळ गेले तर तसेच भुकटीत पडून होते, डोळे उघडे. म्हणाले, "ती नळापाशी उभी होती म्हणते." एवढेच. मग उठून अंग झटकले आणि कार्डावर स्वतःच सही केली.

तिळाचे तेल लाव. दर आठ दिवसांनी ते मला विचारतात की माझे गुडघे कसे आहेत. माझे गुडघे ठणठणीत आहेत, हे त्यांना माहीत आहे.

तुझी,
कुंदा


(पोस्टकार्ड)
गोंदिया स्टेशन
३० जानेवारी १९९६

श्री. दिवाकरराव यांस,

जयभीम. आपल्या मार्गाचा पहिला टप्पा पार पडला. छोटी गाडी जंगलात एके ठिकाणी उभी राहिली. का थांबली विचारले तर गार्ड म्हणाला, "ड्राइवर साहब बेर खा रहे हैं।" मीही खाल्ली. गोड होती. कार्डावर सही द्यायला स्टेशन मास्तर नाही म्हणाले. अशा कागदाची तरतूद नाही म्हणे. शेवटी फलाटावरच्या न्हाव्याने सही केली. त्याने आधी माझी दाढी केली आणि मग "माल ठीक आहे" असे लिहून दिले. फळ्यांमुळे लोक मला सुतार समजतात. दोघांनी खाटा दुरुस्त करणार का असे विचारले.

इथून नागपूर.

मो. वासनिक


नागपूर स्टेशन, वेटिंग रूम
१ फेब्रुवारी १९९६

सत्यभामा,

हे पत्र तुला आहे. दिवाकररावांना नाही, मंडळाचेही नाही.

भुसावळची गाडी संध्याकाळी आहे. इटारसीकडची दुपारी. मधल्या वेळात दीक्षाभूमीवर जाऊन आलो. फळ्या क्लोक रूममध्ये ठेवल्या होत्या. तिथे बसून पंचशील म्हटले. पहिली तीन म्हटली. चौथ्याला अडकलो. खोटे बोलण्यापासून दूर राहीन, हे ते शील. छप्पनच्या दीक्षेपासून पाठ आहे, डोमाजी आजोबांनी शिकवलेले. तोंडातून निघेना. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिला वाटले मी विसरलो. तिने पुढचा शब्द सांगितला. तरी निघेना. मग ते सोडून बाकीची चार म्हणून उठलो आणि रिक्षाने स्टेशनवर आलो.

म्हणून लिहितो.

हाताला नाव नसते, असे मी लिहिले होते. डब्याला होते. मी ढकलला तेव्हा मला खरेच ठाऊक नव्हते, एवढे तू मान. पण खाली जाताना डबा फिरला, झाकण वर आले आणि त्यावर कोरलेले नाव मी वाचले. पार्वताबाई. आईचे नाव. लग्नात तिला मिळालेला डबा, तिने तुला दिलेला. मग मला हातही कळला आणि हाकही कळली.

गाडी त्यानंतर चार मिनिटे उभी होती. दार माझ्याच हातात होते. कडी काढायला एक क्षण लागला असता. मी कडीवर हात ठेवून चार मिनिटे उभा राहिलो. बाहेर काय तोंड दाखवू, असे वाटले. आत्ता उघडले तर ओळखून ढकलले असे म्हणतील, असेही वाटले. मग गाडी सुटली आणि मला बरे वाटले, सत्यभामा. बरे वाटले, हे मला सगळ्यात जास्त टोचते.

मी ओळखले नाही असे लोकांना सांगितले. इतके सांगितले की इटारसी लागेल अशा प्रत्येक गाडीची मला भीती बसली. त्र्याऐंशीपासून मी पश्चिमेला गेलो नाही. आता तर तुझ्या दारावरून जायला नको म्हणून सुरतेला निघालो आहे. पासष्टीला टेकलेला माणूस दोन फळ्या घेऊन. हे दीक्षाभूमीच्या पायऱ्यांवर बसून पाहिले तर मलाच हसू आले, आणि मग नाही आले.

तू नळापाशी होतीस, हे मला माहीत असते तर उघडले असते का? खरे सांगतो, माहीत नाही.

इटारसीकडची गाडी लागते आहे. तिला टपालाची बोगी आहे. हे पत्र तिच्याच फटीत टाकतो, म्हणजे उद्या तुला मिळेल. मी भुसावळला जातो.

टाकले की परत काढता येणार नाही. म्हणून घाईने पत्ता लिहितो.

तुझा,
दादा

(पाकिटाच्या मागे, पेन्सिलीने)
मी याच गाडीत बसतो आहे. पत्र पोचण्याआधी मला पोचले पाहिजे.


इटारसी
७ फेब्रुवारी १९९६

सौ. कुंदावहिनी यांस,
द्वारा पोस्टमास्तर, जोशीमठ.

वहिनी, जयभीम.

परवा फलाटावर तुम्हा दहा जणांना पोळ्या दिल्या तेव्हा तू रागावलीस ते बरोबरच होते. नवरा समोर उभा, गाडी समोर उभी, बर्फाचे तिकीट तुझ्या पर्समध्ये, आणि हा माणूस गाडीत चढत नाही. म्हणतो, "कार्डावर सही नाही झाली." श्यामसुंदरभाऊंनी हाताला धरून ओढले तरी नाही. तेव्हा कारण मलाही माहीत नव्हते. काल कळले, ते लिहिते.

दादा आला तो एक तारखेला संध्याकाळी. घरी आला नाही. चौकशी खिडकीच्या रांगेत उभा राहिला, फळ्या खांद्यावर. पुढचे सात जण झाले. यांनी मान वर न करता विचारले, "बोलिए, कहाँ जाना है?" दादा म्हणाला, "सत्यभामा गजभियेच्या घरी. मार्ग विचारायचा होता." यांच्या हातची पेन्सिल पडली. रांगेतली माणसे ओरडून राहिली, "जल्दी करो भैया." मग हे म्हणाले, "सीधा. कहीं बदलना नहीं है।" आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, रांग उभी असताना, खिडकी बंदची पाटी लावून बाहेर आले.

मी दार उघडले तर समोर दादा. केस सगळे पांढरे. मला वाटले भुकटी असेल, म्हणून हात लावून पाहिला. मी रडले. तो म्हणाला, "तेल लावतेस का?"

मग पाच दिवस तो जेवला, झोपला, यांच्याशी गाड्यांवर बोलला. त्या दिवसाचा एक शब्द नाही. आणि रोज सकाळी दहाला दारात खुर्ची टाकून बसे, पोस्टमन येईपर्यंत. पोस्टमन आला की उभा राही. काही नसले की त्याचा जीव भांड्यात पडे, आणि लगेच तोंड उतरे. मी म्हटले, "दादा, कोणाचं पत्र यायचं हाय?" तर म्हणे, "मंडळाचं."

काल आले. नागपूरहून त्याच गाडीने निघालेले पत्र सहाव्या दिवशी. घाईत त्याने पिन कोड रांझीचा घातला होता, सवयीने. पत्र आधी जबलपूरला गेले. तिथल्या पोस्टाने गाव वाचले, पिन खोडला, आणि पत्र साडेचार तासांच्या सरळ गाडीने माझ्याकडे आले. जे दादाला बारा वर्षे जमले नाही ते पाकिटाने एका दुपारीत केले.

त्याने ते सदऱ्याच्या आत घातले. मी ओट्यापाशी होते, पाहिले. म्हटले, "त्यावर नाव माझं हाय." तो म्हणाला, "चुकून आलं." मी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. वहिनी, खूप वेळ धरला. मग त्याने पत्र दिले आणि परत खुर्चीवर जाऊन बसला, भिंतीकडे तोंड करून.

काय लिहिले आहे ते तो तुला सांगेल. माझ्याने लिहवत नाही. एवढेच सांगते, मला राग आला. दुःख झाले त्याआधी राग आला. चार मिनिटे थोडी नसतात. नळापाशी उभी राहून मी ती मोजली होती. बारा वर्षे मला वाटत होते की त्याने ओळखून ढकलला. तसे नव्हते. हे कळल्यावर मी जमिनीवर बसले, गुडघ्यांचा विचार न करता, आणि मग मला उठता येईना. हे आणि दादा, दोघांनी दोन बाजूंनी धरून उठवले.

उठल्यावर मी फळीवरून डबा काढला. त्या दिवशी गाडी गेल्यावर हे रुळांत उतरले होते आणि तो घेऊन आले होते. एक बाजू पार बसली आहे, झाकण लागत नाही. तुरीची डाळ असते त्यात. मी डाळ ताटात ओतली आणि डबा दादापुढे ठेवला. तो नावावर बोट फिरवत राहिला. म्हणाला, "हा तं चाकाखाली गेला होता." मी म्हटले, "गेला होता. पण डाळ मावते."

तेव्हा तो रडला. आईच्या मयताला रडला होता तसा, मोठ्याने. शेजारच्या गीताबाई काय झाले म्हणून आल्या. हे म्हणाले, "कुछ नहीं, जबलपुर वाले आए हैं।"

संध्याकाळी त्याने खिशातून पिवळे कार्ड काढले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले. भुसावळ, सुरत, कोटा सगळे खोडून त्याने शेवटच्या ओळीत हाताने इटारसी लिहिले होते. म्हणाला, "जबाबदार व्यक्तीची सही पाहिजे." वहिनी, मी सातवीपर्यंत शिकलेली, कारखान्याचा कागद कधी भरला नाही. न्हाव्याने काय लिहिले ते वर वाचले आणि खाली माझ्या मनाने लिहिले. त्याने ते तीनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले, आणि आता उद्याच्या गाडीने जबलपूरला परत जातो आहे. कटनीवरून नाही, सुरतेवरून नाही.

बर्फ कसे असते ते लिही. त्याने विचारले आहे.

तुझी,
सत्यभामा

ता. क. कार्डावर मी लिहिले ते असे: "माल तपासला. उशिरा आला. पोचे आहेत. ठेवून घेतला असता, पण वहिनीचा आहे. स. दि. गजभिये."